नुसती पदांची यादी नको

खामगाव

चि. दादास अनेक आशीर्वाद.

आपल्या कापसाच्या जिनच्या शताब्दी स्मरणिकेचा कच्चा मजकूर मिळाला. पणजोबांचं जिन, आजोबांची वकिली, बाजार समितीची सभासदत्वं, वाचनालयाला दिलेल्या देणग्या, सगळं तारीखवार मांडलं आहेस. वाचून एवढंच कळलं की आपली माणसं बऱ्याच खुर्च्यांवर बसली. तिथे बसून कुणाशी भांडली, कुठे माघार घेतली, याची एक ओळ नाही. तू नागपूर खंडपीठात काळा कोट घालून उभा राहतोस, म्हणून दाखला वकिलांच्याच घराण्याचा देतो. अमरावतीचे मुधोळकर.

रघुनाथ नरसिंह मुधोळकर १८५७ साली धुळ्याला जन्मले, एल्फिन्स्टनात शिकले आणि वकिलीसाठी वऱ्हाडात स्थिरावले. त्या काळी वऱ्हाड म्हणजे कापूस. आपल्या खामगावच्या बाजारासाठी जलंबहून खास फाटा टाकला होता आणि १८७०मध्ये त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. गाठी इथून मुंबईला आणि तिथून इंग्लंडला जायच्या. मोठा नफा त्यांच्यामागून जायचा. मुधोळकरांनी ते पाहून १८८५ साली काही सहकाऱ्यांसह बेरार ट्रेडिंग कंपनी काढली. लगेच पुढच्या वर्षी बेरार सार्वजनिक सभा. धंदा आणि सभा या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या मानल्याच नाहीत. १९०५पासून काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून औद्योगिक परिषद भरू लागली, तिच्यामागेही मुख्यतः हेच गृहस्थ. १८९०मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि ह्यूम यांच्याबरोबर ते काँग्रेसची बाजू मांडायला विलायतेला गेले, १९१२मध्ये बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पक्के मवाळ. त्याच अमरावतीत टिळकांचे दादासाहेब खापर्डे असल्यामुळे लोकांच्या आठवणीत खापर्डेच राहिले. जहाल माणसाच्या गोष्टी सांगायला रंगतात, मवाळाच्या रंगत नाहीत, त्याला इलाज नाही.

मला मात्र त्यांच्या अध्यक्षपदापेक्षा वऱ्हाडातली वकिली जास्त महत्त्वाची वाटते. कायद्याच्या दृष्टीनं वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतंच! १८५३च्या तहानं निजामानं ते इंग्रजांच्या हवाली केलं, १९०२मध्ये कर्झननं वर्षाला २५ लाखांवर कायमच्या पट्ट्यानं घेतलं. मालकी नावाला हैदराबादची, राज्य इंग्रजांचं. कलकत्त्याचा कायदा इथे आपोआप लागू होत नसे, त्यासाठी वेगळी अधिसूचना काढावी लागे. अशा मुलखातल्या वकिलाला कलम वाचण्याआधीच विचारावं लागे की हे कलम इथे कुणाच्या अधिकारानं आलं?

मुलगा जनार्दन त्याच १९०२ सालचा. रघुनाथराव १९२१मध्ये वारले तेव्हा तो एकोणीस वर्षांचाही नव्हता. पुढे तो केंब्रिजला शिकला, नागपूरला न्यायाधीश झाला आणि १९६०मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. सज्जन सिंगचा निकाल तू वाचला असशीलच, ऑक्टोबर १९६४चा. जमीनसुधारणा कायद्यांना संरक्षण देणारी सतरावी घटनादुरुस्ती न्यायालयानं उचलून धरली. मुधोळकरांनीही याचिका फेटाळण्याला संमती दिली, पण स्वतंत्र निकालपत्रात शंका नोंदवून ठेवली. घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यालाच हात घातला तर ती दुरुस्ती म्हणायची की घटनेचा एखादा भाग नव्यानं लिहिणं म्हणायचं? आधारासाठी त्यांनी पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६३चा निकाल घेतला. आज कुणी तसा घेतला तर काय गहजब होईल, कल्पना कर. त्या शंकेतून त्या दिवशी कुणालाच काही मिळालं नाही. २४ एप्रिल १९७३ला केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा अशा मतांनी घटनेची मूलभूत चौकट दुरुस्तीनं बदलता येत नाही, हे तत्त्व म्हणून मान्य झालं. तोवर मुधोळकरांना न्यायालय सोडून सात वर्षं होत आली होती.

बापाच्या वऱ्हाडी वकिलीतून मुलाचा प्रश्न आला, असा पुरावा माझ्याकडे नाही. पण अधिकार नेमका कुठून येतो हे विचारण्याची खोड त्या घरात होती, असं मी मानतो. तुला पटलं नाही तर उत्तर लिही.

आता दुसरी बाजू, कारण तुझ्या मजकुरात दुसरी बाजूच नाही. १९६२च्या खरक सिंग प्रकरणात पोलीस रात्री-अपरात्री दार ठोठावतात, ते चुकीचं आहे असं बहुमतानं म्हटलं. पण खाजगीपणाचा हक्क घटनेत नाही, असंही म्हटलं. त्या बहुमतात मुधोळकर होते, सुब्बाराव आणि शहा वेगळे राहिले. २०१७मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणाबद्दलचं ते म्हणणं मोडीत काढलं. हेच मुधोळकर १९६६मध्ये आपल्या पहिल्या प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले. यातलं काहीही गाळलं तर माणूस उरत नाही, फक्त तसबीर उरते.

बेरार ट्रेडिंग कंपनीचं नाव आज बाजारात कुणाला सांगून पाहा. आपल्या जिनचंही फार वेगळं होणार नाही, म्हणून यंत्रांच्या फोटोंची चार पानं कमी कर. त्या जागी बाजाराबद्दल लिही. १८९७मध्ये वऱ्हाडात कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, देशातल्या पहिल्या अशा कायद्यांपैकी तो एक. मात्र समित्यांवर वर्चस्व राहिलं व्यापाऱ्यांचं, कापूस पिकवणाऱ्याला तिथे फारसा आवाज नव्हता. पणजोबा व्यापारी होते. मापात, कडत्यात, धरमादायाच्या कपातीत त्यांनी शेतकऱ्याची बाजू घेतली की अडत्याची, हे जुन्या वह्यांतून निघेल. जे निघेल ते छापायचं, अडचणीचं असलं तरी. आजोबांच्या दाव्यांची बाडं माळ्यावर आहेत, दिवाळीला आलास की उतरवू. तोवर छापखान्याला थांबायला सांग आणि मुखपृष्ठावरचं ‘गौरवशाली’ काढून टाक.

तुझा
काका