आजीचं सागवानी दार

दर दिवाळीत आम्ही उज्जैनला जातो. महाकाल, रामघाट, गोपाळ मंदिर हे सगळं तुम्हीही पाहिलं असेल. या वेळी मात्र माझे चार दिवस एका दारासमोर गेले.

आजीचं घर गोपाळ मंदिराजवळच्या गल्लीत आहे. हे मंदिर दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी १९व्या शतकात बांधवलं. १८१० मध्ये शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला गेली, पण माळव्यात आलेली कितीतरी मराठी घरं इथेच राहिली. त्यातलंच एक आमचं.

घराचं सागवानी दार वाळवीने पोखरलं, म्हणून काकांनी पावसाळ्यात लोखंडी दार बसवलं. मजबूत, स्वस्त आणि करड्या रंगाचं. आजीला मोतीबिंदूमुळे अंधुक दिसतं. एक दिवस देवळातून येताना ती आपल्याच दारावरून पुढे निघून गेली. शेजारणीने हात धरून परत आणलं. तेव्हापासून आजीने एकटीने बाहेर पडणं सोडलं.

नव्या सागवानाची किंमत ऐकून आम्ही गप्प बसलो. मग काकांच्या ओळखीचे एक वयस्कर रंगारी म्हणाले, लोखंडावरच लाकूड रंगवू. युरोपात १९व्या शतकात साध्या लाकडावर अशाच रेषा काढून ते ओकसारखं दाखवत.

पहिल्या दिवशी गंज घासून रेड ऑक्साइडचा हात दिला. दुसऱ्या दिवशी फिकट बदामी ऑइल पेंट. तो पूर्ण वाळू द्यायचा, नाहीतर पुढचं सगळं बिघडतं. तिसऱ्या दिवशी गडद तपकिरी रंगात टर्पेंटाइन आणि थोडं जवसाचं तेल घालून तो पातळ केला. तेलामुळे रंग लवकर वाळत नाही, हात फिरवायला वेळ मिळतो. हा रंग एका वेळी एकाच फळीएवढ्या पट्ट्यावर लावायचा.

मग त्यांनी एक रबरी ठोकळा काढला. अर्धगोल, त्यावर एकात एक कड्या कोरलेल्या. ओल्या रंगावरून तो वरून खाली ओढायचा आणि ओढता ओढता हळूच मागेपुढे झुलवायचा. झुलवला की गाठी उमटतात, सरळ ओढला की उभ्या रेषा. प्रत्येक पट्ट्यानंतर ठोकळा पुसायचा. शेवटी कोरडा ब्रश हलकेच फिरवायचा.

"हाथ मत रोकना," ते म्हणाले. मी मध्येच थांबलो आणि तिथे जाड आडवा डाग पडला. त्यांनी फडक्याने तो पट्टा पुसला. "गीला है तब तक सब माफ है." तिसऱ्या वेळी मला जमलं.

चौथ्या दिवशी वॉर्निश वाळल्यावर जुन्या दाराची पितळी कडी लावली. आजीने दारावर हात ठेवला. "थंड लागतंय रे. लोखंडच आहे हे." माझा चेहरा पडला. मग तिने कडी चाचपली आणि चार पावलं मागे जाऊन पाहिलं. "पण लांबून आपलं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी गोपाळ मंदिरात गेली. मी गल्लीच्या टोकाला लपून उभा होतो. परतताना ती बरोबर आमच्या दाराशी वळली आणि तिने कडी वाजवली.

२०२८ च्या सिंहस्थाला उज्जैनला आलात तर गोपाळ मंदिराच्या गाभाऱ्याची चांदीने मढवलेली दारं जरूर पाहा. आणि जाता जाता आमचंही.