पत्र्याच्या गाडीतला वर्ग

गावोगाव पुस्तकं न्यायला आम्ही शिक्षकांनी मिळून जुनी व्हॅन घेतली. एप्रिलमध्ये तिचा पत्रा तव्यासारखा तापतो, आणि आत मुलं बसणार! सुतारमामा म्हणाले, "सर, थर्माकोल लावा, स्वस्तात होईल." त्यात अडकलेली हवा उष्णता अडवते, हे खरंच. पण आग लागली तर ते वितळून पेटतं. रॉकवूल दगड वितळवून केलेलं. ते पेटत नाही. मात्र भिजलं की निकामी, म्हणून आधी टपाची गळती बंद केली. त्याचे तंतू टोचतात, म्हणून वरून 6 मिलिमीटरचं बीडब्ल्यूआर प्लायवूड लावलं. ओलीत त्याचे थर सहसा सुटत नाहीत. खर्च वाढला, यंदा पुस्तकं कमी आली. पालकहो, मुलं बसतात तिथल्या भिंतीआड काय भरलंय, एकदा जरूर विचारा.