कमाटीबागेतली हजेरी

बडोद्याला गेलो की हल्ली सकाळी सव्वासहाला बाबांबरोबर कमाटीबागेत जातो. महाराजा सयाजीरावांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी उभारलेली ही बाग. लहानपणी मला तिथली छोटी रेल्वे आणि प्राणिसंग्रहालय तेवढं ठाऊक. बाबांचा बाक खूप उशिरा कळला.

बाकापाशी आठ-दहा आजोबा, तीन आज्या. दोन फेऱ्या, हात-खांद्यांचे व्यायाम, मग टाळ्या वाजवत हसणं (हे मला अजून जमत नाही). शेवटी एक काकू डायरी उघडून हजेरी घेतात. न सांगता गैरहजर, त्याला तिथूनच फोन. उचलला नाही, तर जवळ राहणारा कुणी दुधाची पिशवी घेऊन परतताना दार वाजवून येतो.

मला तो पोरखेळ वाटायचा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा मी पुण्यात. वीज गेलेली, बाबांचा फोन बंद. दीड दिवसानं अनोळखी नंबरवरून काकू बोलल्या, "बाबा आमच्याकडे आहेत, दुसऱ्या मजल्यावर. कढी-खिचडी खाल्लीय. बीपीची गोळी घरीच राहिली, नाव सांग."

मला नाव माहीत नव्हतं.

या खेपेला डायरीच्या मागच्या पानावर माझा नंबर आणि गोळ्यांची यादी लिहिली. ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन १४५६७ तिथे आधीच होती. काकूंनी यादीवर तारीख घालायला लावली. गोळ्या बदलतात म्हणे.