दम

मुलांनो, 'दम' हा शब्द तुमच्या घरातलाच आहे. फारसीत दम म्हणजे श्वास. मराठीनेही तो आपलासा केला. धावल्यावर दम लागतो, थकल्यावर आपण दम घेतो आणि घाई करणाऱ्याला मोठी माणसे म्हणतात, "जरा दम धर." 'दमा' हे आजाराचे नावही त्याच घराण्यातले.

माझ्या अम्मीला दमा आहे. आमचे घर साताऱ्यात. पावसाळ्यात भिंतींना ओल धरली की तिची छाती घरघरू लागते. एकदा ती सांगलीला खालाकडे गेली होती. हळदीचा मोसम होता. बाजारपेठेकडून बारीक पिवळी धूळ उडत होती. त्या रात्री अम्मीला जोराची धाप लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी धाप थांबवली. पण दमा सांभाळून कसे जगावे, हे शिकवले तिथल्या सिस्टरने.

तिने आधी अम्मीलाच पंप ओढून दाखवायला सांगितला. औषध घशातच राहत होते. मग तिने शिकवले : पंप हलवा, श्वास बाहेर सोडा, पंप दाबताच सावकाश आत ओढा आणि दहा अंक मोजेपर्यंत रोखून धरा. इथे खरोखरच दम धरावा लागतो! अम्मीचा हात कापतो, म्हणून पंपाला जोडायची नळी, म्हणजे स्पेसर, दिला. एक पंप रोजचा, श्वासनळ्यांची सूज कमी करणारा. तो घेतल्यावर चूळ भरायची. दुसरा धाप लागताच आराम देणारा. "बरे वाटले म्हणून रोजचा पंप सोडू नका," हे तिने तीनदा बजावले.

"पंपाची सवय लागते म्हणतात," अम्मी म्हणाली. सिस्टर हसली नाही. औषध थोडेच असते आणि थेट श्वासनळ्यांत पोहोचते, हे तिने शांतपणे समजावले.

अम्मीची खरी काळजी रमजानची होती. सिस्टर ख्रिस्ती. तिने सहरी आणि इफ्तारच्या वेळा विचारून घेतल्या व डॉक्टरांशी बोलून रोजचा पंप त्या दोन वेळांना बसवला. "पण धाप लागली तर थांबायचे नाही. आजाऱ्याला रोजा नंतर पुरा करता येतो, हे तुम्हीच सांगितलेत ना?"

सांगलीशेजारच्या मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले आणि १८९७ पासून तिथे परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. या भागात ही विद्या जुनी आहे.

तुमच्या वर्गात कोणाच्या दप्तरात पंप असेल, तर तो लपवायला लावू नका. धाप लागलेल्याला आडवे न करता ताठ बसवा, त्याचा आराम देणारा पंप हातात द्या आणि शिक्षकांना बोलवा. एक वाक्यही सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर लगेच १०८ ला फोन करायला सांगा.

आमच्या घरी आता लोबान जाळत नाहीत. चादरी गरम पाण्यात धुतो. कशाने त्रास झाला, हे अम्मी वहीत उर्दूत लिहिते. सिस्टरला उर्दू येत नाही. म्हणून दर भेटीला अम्मी तिला ती वही मराठीत वाचून दाखवते.