दिवाणखान्यातली होडी

माणूस मोठे निर्णय चटकन घेतो आणि किरकोळ निर्णयांपाशी महिनोन्‌महिने अडून बसतो. अर्ध्या तासाच्या चहापोह्यांत जन्माची गाठ बांधून मोकळा झालेला गृहस्थ चपला घ्यायला निघाला की चार दुकाने पालथी घालतो. मला वाटते, मोठ्या निर्णयाचा भार दैवावर टाकता येतो. चपलेचा टाकता येत नाही. चप्पल चावली, तर ती आपणच निवडलेली असते!

घरी व्यायामासाठी वल्हवण्याचे यंत्र घेणे हा निर्णय यांपैकी कोणत्या जातीचा, ते प्रथम मला उमगेना. रोइंग मशीन म्हणतात ते हेच. एक लांब दांडी, तिच्यावरून मागेपुढे घसरणारी बैठक, पावले अडकवायला दोन पट्टे आणि ओढायला एक मूठ. नाव नाही, नदी नाही, पैलतीर तर नाहीच नाही. भवसागर तरून जाण्यासाठी संतांनी नामाची नौका सांगितली. आमच्या डॉक्टरांनी ही सांगितली.

डॉक्टरांच्या सांगण्याला कारण होते. माझे वय 47 आहे. माझे वडील 48व्या वर्षी गेले. दुपारी जेवून आतल्या खोलीत जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हा इतिहास लिहून घेतला, हृदयाच्या तपासण्या करवल्या, साखर काठावर असल्याचे सांगितले आणि कुरकुरणाऱ्या गुडघ्यांकडे पाहून पळण्यास मनाई केली. "बसून करा, पण घाम येईल असं करा," एवढेच ते म्हणाले. बसून घाम येण्याचा प्रसंग मराठीच्या प्राध्यापकावर एरवी फक्त उत्तरपत्रिका तपासताना येतो.

आम्ही पुण्याचे, तेव्हा वल्हे हा शब्द आम्हांला अगदीच परका नाही. संगमाजवळच्या इंजिनियरिंग कॉलेजच्या बोट क्लबाची रेगाटा 1928 पासूनची. पण मला धीर दिला तो चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या गावच्या दत्तू भोकनळ याने. जिथे पिण्याच्या पाण्याची मारामार, त्या मुलुखातला हा मुलगा सैन्यात गेला, तिथे 2012 साली त्याने वल्हे हाती धरले, 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तो एकट्याच्या नौकेत तेरावा आला आणि 2018 साली जाकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक मिळवले. दुष्काळी भागातला माणूस एवढे पाणी कापतो, तर मला निदान दिवाणखाना कापायला काय हरकत होती?

मग सुरू झाला निवडीचा संसार. ही यंत्रे मुख्यतः चार प्रकारची, आणि चारांचे स्वभाव चार. पहिल्यात दोन्ही बाजूंना तेलाचे दट्टे असतात. हे आकाराने लहान आणि किमतीला हलके. पण बराच वेळ ओढत राहिले की तेल तापते आणि विरोध ढिला पडतो. सुरुवातीला तावातावाने भांडून शेवटी "जाऊ द्या हो!" म्हणणारी माणसे असतात, त्यांतले हे. दुसरे चुंबकाचे. हे मितभाषी. खटका फिरवून विरोध कमीजास्त करावा. रात्री बारा वाजता ओढले तरी शेजारच्या खोलीत पत्ता लागणार नाही. तिसरे पाण्याचे. याच्या टाकीत पाणी असते आणि ओढले की आत पाती फिरून खळाळ ऐकू येतो. नदीचा भास हवा असणाऱ्या रसिकांसाठी हे उत्तम. फक्त पाणी शेवाळू नये म्हणून टाकीत अधूनमधून औषधाची गोळी टाकावी लागते.

चौथे वाऱ्याचे. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये वल्ही बनवणाऱ्या ड्राइसिगॅकर बंधूंनी सायकलचे चाक वापरून 1981 साली असे यंत्र बाजारात आणले, आणि पुढे नावाड्यांच्या सरावासाठी तेच जगभर रुळले. साखळी ओढली की चाक फिरते आणि त्याची पाती हवा कापतात. जितक्या जोराने ओढावे तितका विरोध वाढतो. चाकाच्या बाजूला 1 ते 10 आकड्यांची एक झडप असते. ती 10वर ठेवली म्हणजे व्यायामही दसपट, असे नवशिक्याला वाटते. पण झडप ठरवते ती आत किती हवा घ्यायची एवढेच. म्हणजे नाव जड की हलकी, हे ती सांगणार. जोर ज्याचा त्यानेच लावायचा. मला हे यंत्र मनापासून आवडले. एकच अडचण, ते बोलते. प्रत्येक ओढीला घरभर सूंऽऽ असा आवाज घुमतो.

लांबी आठ फूट, रुंदी दोन फूट. आमचा सारा फ्लॅट साडेसहाशे चौरस फुटांचा. सौ.ने एक युक्ती केली. तिने तेवढ्या मापाची वर्तमानपत्रे जमिनीवर अंथरली आणि म्हणाली, "आठ दिवस यांच्यावर कुणी पाय द्यायचा नाही. जमलं, तर आणू यंत्र." आठ दिवस आम्ही त्या कागदी होडीला वळसा घालून वावरलो. चौथ्या दिवशी कळले की शोकेसचे दार पुरते उघडत नाही. शेवटी दोन तुकड्यांत सुटे होऊन कोपऱ्यात उभे राहील असेच यंत्र घ्यायचे ठरले. दांडी आखूड असेल तर पाय पुरते लांब होत नाहीत, म्हणून माझ्या पायांचे मापही मुलीने टेपने घेतले. या व्यायामात बहुतेक काम पायांचे. आधी पायांनी रेटायचे, मग पाठ मागे न्यायची आणि सर्वांत शेवटी हात. परतताना हेच उलट क्रमाने.

घरातली मते चुंबकाकडे झुकली. सौ.ला खालच्या मजल्यावरच्या मंडळींची काळजी, मुलीला बारावीच्या अभ्यासाची, आणि मला आईच्या झोपेची. माझा व्यायाम पहाटे पाचला व्हायचा आणि आईचा डोळा लागतो तोच मुळी पहाटे.

आई कागदांच्या कडेला बसून मेथी निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, "आवाज येतो ते कुठलं रे?"

"वाऱ्याचं. पण आपण ते घेत नाही आहोत."

"तेच घे."

"अगं, तुझी झोप..."

"माझ्या झोपेचं काय घेऊन बसलास!" ती म्हणाली. थोडा वेळ तिने नुसती पाने खुडली. मग म्हणाली, "त्या दिवशी तुझे वडील आत होते आणि मी बाहेर गहू निवडत होते. आतून काही म्हणजे काही आवाज आला नाही. दोन तास मी समजत होते, आज गाढ झोप लागलीय. आवाज येत राहिला म्हणजे मला कळेल."

मेथीच्या काड्या सुपात गोळा करून ती स्वयंपाकघरात गेली. आम्ही तिघे त्या वर्तमानपत्रांकडे पाहत राहिलो. तेवीस वर्षांत ही गोष्ट तिने कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

त्यानंतर चर्चा करण्यासारखे काही उरले नाही. सौ. स्वतः खाली जाऊन शेजाऱ्यांशी बोलून आली आणि यंत्राखाली घालायला जाड रबरी गादी घेऊन आली. मुलीने अभ्यासाची वेळ बदलली.

आता रोज पहाटे दिवाणखान्यात वारा सुटतो. मिनिटाला वीस ओढी, त्याहून घाई नाही. ओढताना सूंऽऽ आणि परतताना क्षणभर शांतता, अशी त्याची लय आहे. पाचशे मीटर झाले की मी दम खायला थांबतो. चाकाची घरघर हळूहळू विरते. ती पुरती विरायच्या आत आतल्या खोलीतून प्रश्न येतो, "झालं का रे?"

"नाही गं, अजून पाचशे मीटर आहेत."

"बरं, बरं. चालू दे."

मग पलंग जरासा करकरतो. आईने कूस बदललेली असते. मी पुढे सरकतो आणि मूठ ओढतो.