प्लेटलेट्स कमी म्हणजे डेंग्यूच?

भाद्रपदातील तापाच्या दिवसांत अनेक रुग्ण निदान घरूनच ठरवून येतात : ‘प्लेटलेट्स कमी आहेत, डेंग्यूच असणार.’ काही वर्षांपूर्वी एका बाळंतिणीच्या बाबतीत मीही तेच गृहीत धरले होते.

प्रसूतीला तीन आठवडे झालेले. थकवा, उलट्या, अंगात किंचित कसर. प्लेटलेट्स ४८ हजार. डेंग्यूची चाचणी निर्दोष आली, तरी ‘कधीकधी चाचणी चुकते’ अशी मी स्वतःची समजूत घातली. तिसऱ्या दिवशी तिच्या सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टर, हिला लघवीच होत नाही हो. झाली ती कोऱ्या चहासारखी.” चेहरा सुजला होता, रक्तदाब १७०/११०. हिमोग्लोबिन अकरावरून आठाखाली उतरले होते. गंभीर डेंग्यूत रक्तातील द्रव झिरपून रक्त दाट होते, हिमोग्लोबिन उलट वाढलेले दिसते. येथे रक्तस्राव नसताना ते घटत होते. हा आकडा आदल्या दिवशीच्या अहवालातही होता. माझी नजर प्लेटलेट्सवर खिळलेली.

त्याच सायंकाळी तिला मूत्रपिंडतज्ज्ञांकडे पाठविले. रक्ताच्या स्मिअरमध्ये लाल पेशींचे तुकडे आढळले, क्रिएटिनिन पाचावर. निदान झाले : अटिपिकल हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम. आपल्या प्रतिकारशक्तीत ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिने असतात. त्यांना आवर घालणारी यंत्रणा जनुकीय दोषामुळे वा प्रतिपिंडांमुळे दुबळी असली, की बाळंतपण किंवा जंतुसंसर्ग एवढे निमित्तही पुरते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावते, आत गुठळ्या धरतात. त्यांत प्लेटलेट्स खर्ची पडतात, त्यांतून वाट काढताना लाल पेशी फाटतात आणि मूत्रपिंडाच्या गाळण्या तुंबतात.

टीटीपी हा याचाच जवळचा आजार. तो नाही याची खात्री एडीएएमटीएस-१३ या तपासणीने करतात. कॉम्प्लिमेंटला रोखणाऱ्या एक्युलिझुमॅबला अमेरिकेत २०११ साली या आजारासाठी मान्यता मिळाली. त्याची किंमत मात्र सामान्य कुटुंबाने उच्चारूही नये अशी! तिला प्लाझ्मा बदलण्याचे उपचार आणि काही काळ डायलिसिस मिळाले.

आज ती रक्तदाबाची गोळी घेते, क्रिएटिनिन १.६ वर स्थिर आहे. त्यात माझ्या दोन दिवसांच्या विलंबाचा वाटा किती, हे तिने कधी विचारले नाही. एकदा मीच विषय काढला. ती म्हणाली, “सर, बाळाची लस द्यायची राहिली आहे.”

प्लेटलेट्स कमी असल्या, की आता मी आधी हिमोग्लोबिन पाहतो, स्मिअर मागवतो आणि लघवीचा रंग विचारतो. तो तुम्ही आपणहून सांगितलात, तर फार बरे.