अंजिराचे झाड आणि आणखी एक वर्ष

हरणाऱ्या संघाचा चाहता असणे ही एक प्रकारची तपश्चर्याच होय. जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्याला केवळ टाळ्या वाजवायच्या असतात; हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला मात्र विचार करावा लागतो. कोणाला खेळवावे, कोणाला बसवावे, कोणाला देऊन कोणाला आणावे, कोणत्या कोवळ्या पोराला किती दिवस राखून ठेवावे, या प्रश्नांनी त्याची झोप उडते आणि कोणी विचारलेले नसतानाही तो उत्तरे देत सुटतो. शिकागो शहराच्या दक्षिण भागातील व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचे आम्ही असे चाहते आहोत. नोकरीनिमित्त या शहरी आलो आणि या संघाशी जडलो. त्याला आता बरीच वर्षे झाली.

२०२४ साली हा संघ १६२ सामन्यांपैकी १२१ सामने हरला. १९०० नंतरच्या बेसबॉलमध्ये एका हंगामात इतके सामने कोणीच हरले नव्हते. १९६२ साली न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने १२० पराभवांचा जो विक्रम करून ठेवला होता, तो आमच्यांनी मोडला. त्याच हंगामात एकदा ओळीने २१ सामने हरण्याचा पराक्रमही त्यांनी गाजवला. अशा संघाची कथा आपल्या त्रैमासिकाच्या वाचकांना का सांगावी, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण सर्वांना ठाऊक आहे. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेले आपले पोप चौदावे लिओ हे याच शिकागोचे सुपुत्र आणि याच संघाचे चाहते. २२ ऑक्टोबर २००५ रोजी वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना पाहण्यास ते प्रेक्षकांत बसले होते. तेव्हा ते ऑगस्टिनियन संघाचे सर्वाधिकारी होते. दूरदर्शनच्या कॅमेऱ्याने त्यांना क्षणभर टिपले आणि वीस वर्षांनी ते चित्र जगभर पाहिले गेले. त्या वर्षी संघाने ह्यूस्टनचा चार सामन्यांत सरळ पराभव करून १९१७ नंतरचे पहिले अजिंक्यपद मिळवले. पोपमहोदयांच्या निवडीनंतर १४ जून २०२५ रोजी शिकागो धर्मप्रांताने आभाराचा मिस्सा अर्पण केला, तोही याच संघाच्या मैदानावर.

परंतु पोपमहोदय चाहते आहेत म्हणून संघ जिंकत नाही. २०२५ सालीही तो १०२ सामने हरला. शंभराहून अधिक पराभवांचे हे ओळीने तिसरे वर्ष. तेव्हा आम्हांस बोलायचे आहे ते दुसऱ्याच कारणाविषयी. तरुण मुलांच्या ठायी असलेले गुण कसे ओळखावे, कसे जोपासावे आणि त्यांच्याशी माणूस म्हणून कसे वागावे, हा या खेळातला खरा प्रश्न आहे आणि तो केवळ खेळापुरता नाही.

आधी थोडी व्यवस्था समजून घेऊ. वरिष्ठ संघात हंगामाच्या बहुतेक काळात २६ खेळाडू असतात. त्यांच्यासह एकूण ४० जणांची राखीव यादी असते. त्याखाली कनिष्ठ संघांची उतरंड असते. शाळा-कॉलेजांतून निवडलेली अमेरिकन मुले आणि सोळाव्या वर्षी करारबद्ध झालेली डॉमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएला अशा देशांतील मुले या उतरंडीच्या तळाशी दाखल होतात व एकेक पायरी चढू लागतात. भातशेती जाणणाऱ्या आपल्या वाचकांस हे आवणातल्या रोपांवरून चटकन कळेल. रोप फार कोवळे असताना उपटले तर चिखलात तग धरत नाही. आवणातच जून झाले तर लावणीनंतर त्याला फुटवे येत नाहीत. लावणीचा नेमका दिवस ओळखणे हीच कारभाऱ्याची कसोटी.

आमच्या संघाने हा दिवस कसा चुकवला त्याचे उदाहरण म्हणजे अँड्रू व्हॉन. २०१९ च्या निवडीत तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला हा फलंदाज पहिल्या तळाचा क्षेत्ररक्षक होता. त्या वर्षी तो कनिष्ठ संघांच्या मधल्या पायरीपर्यंत पोहोचला. २०२० साली महामारीमुळे कनिष्ठ संघांचा हंगामच झाला नाही. २०२१ च्या मार्चमध्ये एलॉय हिमेनेझ हा डाव्या क्षेत्राचा खेळाडू सरावाच्या सामन्यात जखमी झाला आणि आठवड्याभरातच व्हॉनला वरिष्ठ संघात घेऊन त्या जागी उभे केले. व्यावसायिक सामन्यांत तो तेथे कधीच खेळला नव्हता. मधल्या दोन पायऱ्या गाळून, अनोळखी जागी, जगातील उत्तम पिचरांपुढे उभे राहायचे आणि वर फलंदाजीही शिकायची! तो मुलगा चार वर्षे धडपडला. २०२५ च्या जूनमध्ये त्याला मिलवॉकीच्या संघाला देण्यात आले. तेथे जुलैपासून त्याने ३०८ च्या सरासरीने फटकेबाजी केली. मनुष्य तोच, बॅट तीच. काही गुण नव्या प्रशिक्षकांचा असेल, काही नशिबाचाही असेल. परंतु इतक्या लवकर फळ मागितले नसते तर ते आमच्याच अंगणात पडले असते, असे आम्हांस अजूनही वाटते.

याच्या उलट गोष्ट कोल्सन माँटगोमेरी याची. इंडियाना राज्यातील एका लहान गावातल्या शाळेतून २०२१ साली बाविसाव्या क्रमांकावर त्याची निवड झाली. तो शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या तळांमधल्या अत्यंत अवघड जागेचा क्षेत्ररक्षक. उंचापुरा, देखणा खेळ. दोन वर्षांत तो संघाची मोठी आशा होऊन बसला. मग २०२४ साली सर्वांत वरच्या कनिष्ठ संघात त्याची सरासरी २१४ वर आली आणि २०२५ च्या आरंभी तो आणखी घसरला. नावाजलेल्या होतकरूंच्या याद्या छापणाऱ्यांनी त्याला खाली ढकलले. शॉर्टस्टॉपच्या जागेसाठी तो फार उंच आहे, त्याला दुसरीकडे हलवा, असे सल्ले आले. त्याला देऊन टाका, असेही काही चाहते म्हणू लागले.

येथे आम्हांस संत लूकच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायातला अंजिराच्या झाडाचा दाखला आठवतो. तीन वर्षे फळ न देणारे झाड मालक तोडायला निघतो आणि माळी आणखी एक वर्षाची मुदत मागतो. या दाखल्यातील मुदतच आपल्या ध्यानात राहते. माळ्याने पुढे काय कबूल केले ते आपण विसरतो. तो नुसता थांबणार नाही. तो मुळाभोवती खणणार आहे, खत घालणार आहे. धीर म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. संघाने एप्रिल २०२५ मध्ये माँटगोमेरीला सामन्यांतून बाहेर काढले आणि अ‍ॅरिझोनातील सराव केंद्रात फलंदाजीच्या प्रमुख प्रशिक्षकाकडे पाठवले. ना धावफलक, ना प्रेक्षक. केवळ फटक्याची उजळणी. हा अपमान आहे असे त्या मुलाला वाटणे शक्य होते. त्याने तसे मानले नाही असे पुढील खेळावरून दिसते. ४ जुलै रोजी तो वरिष्ठ संघात आला आणि उरलेल्या ७१ सामन्यांत त्याने २१ होमरन मारले. त्याला शॉर्टस्टॉपच्या जागेवरही खेळवले, हे संघाने फार चांगले केले. जी जागा मुलाने स्वतःची मानली, ती जागा तो स्वतः गमावीपर्यंत त्याच्याकडून काढून घेऊ नये, हे आमचे ठाम मत आहे.

त्याच ४ जुलै २०२५ रोजी बॉबी जेंक्स हा या संघाचा जुना पिचर वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी कर्करोगाने वारला. २००४ च्या अखेरीस एका संघाने त्याला आपल्या यादीतून वगळले आणि आमच्या संघाने उचलले. २००५ च्या उन्हाळ्यात तो वरिष्ठ संघात आला व ऑक्टोबरात अजिंक्यपदाचा शेवटचा डाव त्यानेच टाकला. पोपमहोदय प्रेक्षकांत होते त्या सामन्याचा नववा डावही त्याचाच. इतरांनी टाकलेल्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी या संघाला एके काळी होती. ती पुरती गेलेली नाही, याची साक्ष शेन स्मिथ देतो. कॉलेजातून बाहेर पडताना त्याची कोणीच निवड केली नव्हती. मिलवॉकीने त्याला कनिष्ठ संघात घेतले, परंतु ४० जणांच्या यादीत जागा दिली नाही. अशा खेळाडूंना दुसऱ्या संघाने उचलण्याची एक वार्षिक पद्धत आहे. तीत डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या संघाने त्याला पहिल्याच क्रमांकावर घेतले. सात महिन्यांनी तो ऑल स्टार सामन्यासाठी संघाचा प्रतिनिधी ठरला.

मग तक्रार कशाची? तक्रार आहे ती पिकलेल्या फळाविषयी. २०१६ च्या डिसेंबरात संघाने क्रिस सेल या आपल्या सर्वोत्तम पिचरला बोस्टनला दिले आणि बदल्यात होतकरू मुले घेतली. २०१७ साली होझे किंटाना गेला. त्या सौद्यात आलेला डिलन सीस उत्तम पिचर झाला. २०२४ च्या मार्चमध्ये तोही गेला. त्याच डिसेंबरात गॅरेट क्रोशे गेला. त्यानेही धीराची परीक्षा दिली होती: २०२० ची निवड, २०२२ साली कोपराची मोठी शस्त्रक्रिया, २०२४ साली पूर्ण वेळ सुरुवातीचा पिचर. बोस्टनने त्याला काही महिन्यांतच सहा वर्षांसाठी १७ कोटी डॉलरचा करार दिला आणि त्याने २०२५ साली १८ सामने जिंकून दिले व २५५ फलंदाज बाद केले.

हिशेब मांडणारे म्हणतील की, क्रोशे दोन वर्षांनी मुक्त होऊन जाणारच होता; त्याच्या बदल्यात काईल टील हा कॅचर व आणखी तिघे आले; हरणाऱ्या संघाने एवढे मोठे करार करणे शहाणपणाचे नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. टील चांगला खेळला हेही खरे. परंतु याच संघाने २०२२ च्या डिसेंबरात बाहेरून आणलेल्या अँड्रू बेनिंटेंडीला पाच वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलर दिले आणि संघाच्या इतिहासात तोवरचा तो सर्वांत मोठा करार होता. परक्या माणसासाठी तिजोरी उघडते आणि घरात वाढलेल्या मुलासाठी बाजाराची वाट दाखवली जाते, तेव्हा कनिष्ठ संघांतील प्रत्येक मुलगा त्यातून काही शिकतो. आपण चांगले झालो की विकले जाऊ, हे तो शिकतो. प्रत्येक नवी रोपवाटिका पुढच्या विक्रीसाठीच असेल, तर पीक घरात कधी यायचे? २०१६ च्या त्या सौद्यांनी २०२१ साली एकदा गटविजेतेपद आणले. दोनच वर्षांनी पराभवांची संख्या १०१ वर गेली. होतकरूंची यादी म्हणजे कापणी नव्हे, हा धडा येथे पुरेसा स्पष्ट आहे.

आणखी एक गोष्ट या याद्यांत दिसत नाही. ज्यांची नावे आम्ही वर घेतली ते वर पोहोचलेले. उतरंडीतले बहुतेक जण वर पोहोचतच नाहीत. विशीच्या मध्यावर एके दिवशी त्यांना बोलावून सामान आवरायला सांगितले जाते. या मुलांना पूर्वी किती पैसे मिळत? २०२२ सालापर्यंत अगदी तळच्या पायरीवर वर्षाला किमान ४,८०० डॉलर आणि सर्वांत वरच्या पायरीवर १७,५०० डॉलर. अनेक जण एकेका खोलीत दाटीवाटीने राहत, हंगामानंतर मिळेल ते काम करीत. २०२२ च्या सप्टेंबरात ते कामगार संघटनेत एकत्र आले आणि २०२३ च्या वसंतात त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. तेव्हा हे किमान आकडे अनुक्रमे १९,८०० आणि ३५,८०० झाले. पोप तेराव्या लिओंनी १८९१ साली ‘रेरूम नोव्हारूम’ या विश्वपत्रात कामगाराला न्याय्य वेतन व संघटनेचा हक्क आहे असे प्रतिपादन केले होते. त्या विश्वपत्राची आठवण ठेवूनच आपल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले. त्यांच्या आवडत्या खेळात त्या शिकवणीचा एवढा तरी अंश उतरला, याचा आम्हांस कोणत्याही होमरनपेक्षा अधिक आनंद झाला.

हा मजकूर वाचकांच्या हाती पडेल तोवर संघाची यादी कदाचित बदललेली असेल. तरीही आमची मते थोडक्यात नोंदवून ठेवतो. माँटगोमेरीला शॉर्टस्टॉपच ठेवावे. टील आणि एडगर केरो हे दोन तरुण कॅचर एकाच वेळी मिळाले आहेत; एकाला घाईने विकू नये, पाठोपाठ सामने असलेल्या खेळात दोघांनाही पुरेल एवढे काम असते. कोणत्याही मुलाला, त्या दिवशी जागा रिकामी आहे म्हणून, अनोळखी जागी उभे करू नये. जो तयार झाला त्याला घरात राहण्याचा मान आधी द्यावा. तो नाकारील तर मग बाजार आहेच. आणि ज्याला निरोप द्यायचा त्याला खरे कारण सांगावे, वेळेवर सांगावे, पुढच्या आयुष्याची काही सोय लावून सांगावे.

संघाचे मालक हे वाचणार नाहीत. परंतु आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत, शाळांत, गायकवृंदांत असे होतकरू आहेत. दहावीला गुण घसरलेला मुलगा आहे, वेदीसेवक म्हणून गोंधळणारा आहे, धाकट्या बहिणीशी तुलना करून ज्याला खाली ढकलले जाते असाही आहे. त्यांच्या याद्या आपणही मनातल्या मनात छापत असतो. दाखल्यातील झाडाला पुढे फळ आले की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. फळ येवो न येवो, माळ्याने खणण्याचे आपले काम करायचे आहे, एवढे मात्र त्याने स्पष्ट सांगून ठेवले आहे.